पुराच्या चिखलातील विजेची तार

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी परंडा तालुक्यातील शिवारांत शिरले. असे पाणी काळ्या रानात काही दिवस साचले की खालची माती करडी-निळसर पडते आणि कधी सडक्या अंड्यासारखा वास मारते. ‘जमीन मेली’ असे आपण म्हणतो. पण ती मेलेली नसते, तिच्यातल्या जिवांनी श्वास घेण्याची रीत बदललेली असते.

मातीतले सूक्ष्म जीव सेंद्रिय पदार्थ खातात व त्यातून सुटणारे विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, हवेतल्या प्राणवायूला देतात. पाण्याने हवा कोंडली की दुसरा घेणारा हवा. मग काही जीव नायट्रेटकडे वळतात. तुम्ही पैसे मोजून टाकलेल्या युरियाचे नत्र असे वायू होऊन उडून जाते!

त्यानंतर पाळी येते मँगनीज आणि लोहाची. लोह तर मातीच्या कणांत घट्ट बसलेले, ते जिवाच्या पोटात कसे जाणार? म्हणून जिओबॅक्टर नावाचा जीव अंगातून तार बाहेर काढतो. हा जीव अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना १९८७ साली सापडला. २०१९ मध्ये येल विद्यापीठातील निखिल मालवणकर (आडनाव ओळखीचे वाटले ना?) व सहकाऱ्यांनी ही तार कशाची ते दाखवले. ती प्रथिनाची असून केसापेक्षा हजारो पटींनी बारीक आहे. आपल्या रक्ताला लाली देणारे लोहयुक्त हीम तिच्यात ओळीने रचलेले असते. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात जातात, तसे विजेचे कण एका हीमवरून दुसऱ्यावर जातात.

या विजेवर विहिरीची मोटार चालेल का? नाही. कोणी तसे यंत्र विकायला आले तर चहा पाजून वाटेला लावा.

मात्र, रानात पाणी उभे असताना युरिया फेकू नका. आधी उताराच्या बाजूने चर काढा, वाफसा येऊ द्या, मगच नत्राचा हप्ता द्या, तोही विभागून. चराच्या पाण्यावर तांबूस साका दिसला तर घाबरू नका. विरघळलेले लोह हवा लागून पुन्हा गंजत असते, एवढेच.