दहा मिनिटांत आनंदीबाई : इतिहास स्पर्धेसाठी नाट्यप्रवेश बसवताना

आजचा विषय जरा घरगुती वाटेल, पण आहे इतिहासाचाच.

अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी 'नॅशनल हिस्टरी डे' नावाची स्पर्धा असते. १९७४ साली क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात ती सुरू झाली. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, संकेतस्थळ आणि नाट्यप्रवेश असे तिचे प्रकार. आम्ही काही पालकांनी मिळून चार मराठी मुलींच्या गटाला नाट्यप्रवेशासाठी साथ दिली. विषय मुलींनी निवडला : डॉ. आनंदीबाई जोशी.

आधी नियम बघू. प्रवेश दहा मिनिटांचा. सामान मांडायला पाच मिनिटं, आवरायला पाच. गटात दोन ते पाच मुलं. संहिता मुलांनीच लिहायची. सोबत टिपणांसह संदर्भसूची द्यायची आणि शेवटी परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. सध्या गुणांपैकी ८० टक्के इतिहासाला आणि २० टक्के सादरीकरणाला असतात. म्हणजे हे नाटक कमी आणि उभं राहून केलेलं संशोधन जास्त, असं म्हटलं तरी चालेल.

आता आमची पहिली चूक ऐका. आम्ही सुरुवात केली नऊवारीपासून! साडी कुणाची, नथ कुणाची, यातच दोन रविवार गेले. मग संहिता आली : १८६५ मधला जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं बाळ, १८८३ चा प्रवास, १८८६ ची पदवी, १८८७ मधला मृत्यू. सगळं होतं, पण प्रश्नच नव्हता. आणि घड्याळ म्हणत होतं चौदा मिनिटं.

तेव्हा आम्ही मुलींना म्हटलं, चरित्र सांगू नका, एक प्रश्न धरा. त्यांनी धरला : जायचं ठरलेलं असताना आनंदीबाईंनी लोकांसमोर उभं राहून कारणं का दिली? फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. अमेरिकेलाच का, एकट्या का, परतल्यावर वाळीत टाकलं तर काय, अशा आक्षेपांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. मुलींना नाटक आयतंच सापडलं की! एक आनंदीबाई झाली आणि बाकी तिघी ते आक्षेप. शिवाय मुली इंग्रजीत बोलणार, याची खंत उरली नाही. ते भाषणच इंग्रजीतलं होतं.

खरी अडचण पुढे आली. एका मुलीनं विचारलं, "हे वाक्य त्या बोलल्याच नव्हत्या. मग मी खोटं बोलतेय का?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्यापैकी बहुतेकांना आनंदीबाई माहीत आहेत त्या श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीतून, नाहीतर २०१९ च्या चित्रपटातून. दोन्ही कलाकृती आहेत, कागदपत्रं नव्हेत. म्हणून आम्ही संहितेत तीन रंग वापरले. कागदपत्रातले शब्द निळे. कागदपत्रावरून निघणारा अर्थ हिरवा. निव्वळ कल्पना लाल. लाल रंगानं दोन प्रसंग जोडायला हरकत नाही, पण त्यावर कुठलाही दावा उभा करायचा नाही. निळ्यासाठी त्या भाषणाचा आधार होता, तसाच वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी केलेल्या अर्जाच्या पत्राचाही. ते फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

लाल रंग सगळ्यात जास्त सांडला होता तो गोपाळरावांवर. दोघींना ते खलनायक हवे होते, दोघींना थोर सुधारक. मग मीरा कोसंबी यांच्या अभ्यासातून एक पत्र हाती लागलं. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाई लहानपणी खाल्लेल्या माराबद्दल स्पष्ट लिहितात आणि तुमचं ते वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं फार कठीण आहे, असंही म्हणतात. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्या माणसानं मारलं, त्यानंच शिकवलंही. आणि जिनं सोसलं, तिनंही झटपट निवाडा दिला नाही. मुलींनी निवाड्याचा संवाद खोडला आणि तिथे त्या पत्रातला मजकूर ठेवला.

तालमीसाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली, प्रवेश साडेनऊ मिनिटांवर बसवा. ऐनवेळी आवंढा गिळायलाही वेळ लागतो. दुसरी, सामान एका फेरीत उचलता येईल एवढंच न्या. आमच्याकडे शेवटी एक खुर्ची आणि काही पत्रं उरली. तिसरी, प्रत्येक मुलीला प्रत्येक वाक्याचा उगम सांगता आला पाहिजे, वाक्य दुसरीचं असलं तरी.

आमचा गट राज्य फेरीच्या पुढे गेला नाही. पण परीक्षकांनी विचारलं, "गोपाळराव तुमच्या मते कसे होते?" तेव्हा खोटं बोलतेय का म्हणून विचारणारी तीच मुलगी म्हणाली, "आम्हाला ठरवता आलं नाही. त्यांनाही ते कठीण वाटलं होतं, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलंय." आणि तिनं पत्राचा संदर्भ सांगितला.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.