टेकडीला मत, माणसाला नाही!

कोर्टाच्या बाररूममध्ये दुपारचा चहा आला की राजकारण सुरू होते. परवा निवडणुकीचा विषय निघाला आणि आमचे एक ज्येष्ठ वकील मित्र नेहमीच्या ठसक्यात म्हणाले, "अहो, सगळा घोळ या सरसकट मतामुळे झालाय. जो कर भरत नाही, ज्याला सही करता येत नाही, त्याला आणि तुम्हा-आम्हाला एकच मत? इंग्लंडकडे बघा. तिथे लोकशाही शेकडो वर्षे मुरली, म्हणून टिकली." आजूबाजूच्या चार-पाच काळ्या कोटांनी माना डोलावल्या. आम्हालाही त्यांनी 'तुम्हा-आम्हा'त धरले, हा त्यांचा मोठेपणा! आम्ही फक्त एवढेच विचारले, "साहेब, ओल्ड सॅरमचे नाव ऐकले आहे का?" त्यांनी ऐकले नव्हते. तेवढ्यात पुकारा झाला आणि ते उठून गेले. त्यांना जे सांगायचे राहिले ते येथे सांगतो.

इंग्लंडच्या दक्षिणेला विल्टशायर परगण्यात सॉल्झबरी नावाचे शहर आहे. त्याच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर एक टेकडी आहे. तिला म्हणतात ओल्ड सॅरम, म्हणजे जुने सॉल्झबरी. टेकडीभोवती मातीचे प्रचंड तट आहेत. ते इसवी सनापूर्वीचे. पुढे नॉर्मन राजांनी तिथे किल्ला बांधला, मोठे चर्च बांधले, वस्ती झाली. पण वर वारा फार, पाणी कमी आणि किल्ल्यातल्या शिपायांचे चर्चच्या पाद्र्यांशी कायम भांडण. शेवटी १२२० च्या सुमारास चर्च खाली नदीकाठच्या सपाटीवर हलले. त्यामागोमाग माणसेही उतरली. नवे सॉल्झबरी वसले, जुने ओस पडले. किल्ल्याचे दगडसुद्धा लोकांनी उचलून नेले.

गाव उठले, पण गावाचे दोन खासदार उठले नाहीत! १२९५ साली ओल्ड सॅरमला पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क मिळाला होता. मधला काही काळ सोडला तर हा हक्क थेट १८३२ पर्यंत चालला. टेकडीवर मेंढ्या चरत होत्या आणि त्या मेंढ्यांच्या कुरणाचे दोन खासदार लंडनला बसून साम्राज्याचे कायदे करीत होते. शेवटी-शेवटी, १८३१ साली, तेथे ११ मतदार नोंदलेले होते आणि त्या अकरांपैकी एकही जण तिथे राहत नव्हता.

हे कसे शक्य झाले? आम्ही कायद्याचे विद्यार्थी, तेव्हा आम्हाला यातली खरी गंमत कागदपत्रांत दिसते. इंग्लंडमध्ये तेव्हा मतदानाचा एकच नियम नव्हता. प्रत्येक नगराचा रिवाज वेगळा. ओल्ड सॅरमचा रिवाज 'बर्गेज'चा होता. बर्गेज म्हणजे जुन्या नगरातला ठरावीक भूखंड. त्या भूखंडाचा जो धारक, त्याला मत. घर पडले, माणूस मेला, रस्ता बुजला, तरी भूखंड आहे तोवर मत आहे. म्हणजे मत माणसाचे नव्हते, जमिनीचे होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मत सातबाऱ्यावर चढलेले होते!

आणि जे सातबाऱ्यावर आहे ते विकता येते. एखाद्या धनिकाने सगळे भूखंड विकत घेतले की दोन्ही खासदार त्याच्या खिशात. म्हणूनच अशा जागांना इंग्रजीत खिशातले मतदारसंघ म्हणत, आणि जिथली वस्तीच सडून गेली होती त्यांना सडके मतदारसंघ. मालकाने सगळे भूखंड स्वतःच्या नावावर ठेवले तर मतदार एकटाच उरणार, म्हणून अशा बर्गेज मतदारसंघांत निवडणुकीपुरते भूखंड आपल्या कारकुनाच्या, नातेवाइकाच्या, नोकराच्या नावे करायचे आणि मतदान आटोपले की कागद परत घ्यायचे. बेनामी व्यवहार म्हणजे काय हे आपल्या पक्षकाराला समजावून सांगावे लागत नाही. पण पार्लमेंटची जागा बेनामी घेता येते हे आम्हालाही वाचून नवल वाटले. ओल्ड सॅरमचे मतदान तर एका शेतात झाडाखाली व्हायचे. ते झाड 'पार्लमेंटचे झाड' म्हणून ओळखले जाई.

आता ही टेकडी विकत घेणारा माणूस कोण ते पाहा. त्याचे नाव थॉमस पिट. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना तो हिंदुस्थानात चोरटा व्यापार करायचा. कंपनीने त्याच्यावर खटले घातले, दंड करविला. पण पैसा साठला होता. त्या पैशातून १६९१ मध्ये त्याने ओल्ड सॅरम विकत घेतले आणि स्वतःच तिथला खासदार म्हणून बसला. ज्या कंपनीने त्याला चोर म्हटले होते त्याच कंपनीने १६९८ मध्ये त्याला मद्रासचा गव्हर्नर नेमले! पैसा आणि पार्लमेंट हातात आले की चोराचा साहेब व्हायला किती वेळ लागतो ते यावरून दिसते. मद्रासेत त्याने गोवळकोंड्याकडचा एक अजस्र हिरा विकत घेतला. पुढे १७१७ साली तो फ्रान्सच्या राजघराण्याला १ लाख ३५ हजार पौंडांना विकला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ज्या खाणींतून असे हिरे निघत तिथे राबणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही संग्रहालयात नाहीत.

हाच पिट मद्रासचा गव्हर्नर असताना १७०७ मध्ये तिथे 'उजव्या हाताच्या' आणि 'डाव्या हाताच्या' जातींचा मोठा तंटा पेटला होता. कोणाची वरात कोणत्या गल्लीतून जावी, यावरून! गव्हर्नरसाहेबांनी जातीप्रमाणे वस्त्यांच्या हद्दी आखून देऊन तो मिटवायचा प्रयत्न केला. घरी जमिनीला मत देणारा माणूस इथे गल्लीला जात देत होता. असो.

या पिटचा नातू विलियम पिट १७३५ साली सव्विसाव्या वर्षी ओल्ड सॅरममधूनच पार्लमेंटमध्ये गेला. आजोबांची इस्टेट, थोरल्या भावाची कृपा, मतदारांचे तोंड पाहायची गरज नाही. पुढे तो इंग्लंडचा मोठा मुत्सद्दी ठरला. नंतर हाच विलियम पिट १७६६ साली भर पार्लमेंटमध्ये म्हणाला की हे मतदारसंघ राज्यघटनेचा सडका भाग आहेत आणि ते शतकभरही टिकणार नाहीत. त्याचे भाकीत खरे ठरले, हे मान्य. पण शिडी चढून गेल्यावर शिडीला नावे ठेवणारे सगळ्याच देशांत असतात.

वाचकहो, येथे आपण जरा थांबून विचार करायला हवा. पिट एकटा नव्हता. अठराव्या शतकात हिंदुस्थानातून पैसा मिळवून परतलेल्या गोऱ्या 'नबाबां'नी असे अनेक मतदारसंघ विकत घेतले. अर्काटच्या नवाबाला जबर व्याजाने कर्ज देणाऱ्या सावकारांचा तर पार्लमेंटमध्ये एक गटच होता. ते कर्ज कोणी फेडले? कर्नाटकातल्या रयतेने, सारा भरून. १८०२ मध्ये पिट घराण्याने ओल्ड सॅरम कॅलेडनच्या अर्लच्या घराण्याला विकले. किंमत ६० हजार पौंड होती असे सांगतात. त्या घराण्याची श्रीमंतीही कंपनीच्या नोकरीतच जमलेली. म्हणजे टेकडीचा पहिला नबाबी मालक हिंदुस्थानच्या पैशावर उभा आणि शेवटचाही. इथल्या शेतकऱ्याच्या घामावर तिथली जागा विकत घ्यायची आणि त्या जागेवर बसून इथल्या शेतकऱ्यासाठी कायदा करायचा! आणि त्या शेतकऱ्याला मत ना इथे, ना तिथे.

इंग्लंडातल्या कामगाराची स्थितीही फार वेगळी नव्हती. मँचेस्टरची वस्ती लाखावर गेली होती, गिरण्यांचा धूर आकाशाला भिडला होता, पण मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. बर्मिंगहॅमला नव्हता, लीड्सला नव्हता. याउलट डनिच नावाच्या गावाचा बहुतेक भाग समुद्राने गिळला होता, त्याला दोन! कोणी विचारले तर विद्वानांकडे उत्तर तयार असे: खासदार साऱ्या राष्ट्राचा असतो, तो तुमचाही विचार करतो, तुम्ही निवडला नसला तरी काय झाले? याला ते 'अप्रत्यक्ष प्रतिनिधित्व' म्हणत. अमेरिकन वसाहतींनाही १७६५ च्या सुमारास हेच ऐकविले गेले. तुमच्या वतीने आम्ही बोलतो, तुम्ही गप्प बसा. हे वाक्य आपल्या वाचकांना कुठेतरी ऐकल्यासारखे वाटेल.

दुसरे उत्तर याहून चतुर होते. असे मतदारसंघ नसते तर पिटसारखे हुशार तरुण पार्लमेंटमध्ये कसे आले असते? गर्दीची मर्जी सांभाळत बसले असते! कोर्टात हा युक्तिवाद कोणी केला तर आम्ही उलटतपासणीत एकच प्रश्न विचारू: दार बंद असल्यामुळे जे आत येऊच शकले नाहीत, त्यांची हुशारी तुम्ही कोणत्या तराजूत मोजली?

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानात सुमारे ६० हजार स्त्री-पुरुष जमले. मागणी होती प्रतिनिधित्वाची. हातात शस्त्र नव्हते. अनेक जणी पांढरी वस्त्रे नेसून आल्या होत्या. दंडाधिकाऱ्यांनी घोडेस्वार घुसविले, तलवारी चालल्या. पंधराहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. सरकारने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानले आणि सभांवर बंदी घालणारे कायदे केले. सुधारणा कायदा वरून कोणी कृपा म्हणून दिला, असे शाळेच्या पुस्तकात वाचून आलेल्यांनी हा दिवस ध्यानात ठेवावा. १८३१ च्या ऑक्टोबरात लॉर्ड्सच्या सभागृहाने सुधारणेचे विधेयक फेटाळले, तेव्हा ब्रिस्टल, नॉटिंगहॅम, डर्बी पेटले. त्यानंतर कुठे ७ जून १८३२ ला कायदा झाला. ५६ मतदारसंघ पूर्ण रद्द झाले. त्यांत ओल्ड सॅरम होते.

मालकांना नुकसानभरपाई मिळाली नाही, आणि वकील म्हणून आम्हाला ही गोष्ट मोठी वाटते. कारण त्याआधी प्रयत्न तसा झाला होता. १७८५ मध्ये धाकट्या विलियम पिटने पंतप्रधान या नात्याने ३६ मतदारसंघ पैसे मोजून मालकांकडून सोडविण्याची योजना मांडली होती, ती पडली. १८०० साली आयर्लंडचे पार्लमेंट बंद केले तेव्हा तर तिथल्या बंद झालेल्या मतदारसंघांच्या मालकांना प्रत्येकी १५ हजार पौंड खरोखर दिले गेले. म्हणजे लोकांचा आवाज ही खासगी मालमत्ता आहे हे कायद्याने मान्य केले होते! १८३२ ने ती मान्यता काढून घेतली. पण पुढच्याच वर्षी गुलामगिरी रद्द करताना गुलामांच्या मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर झाले. गुलामांना छदामही नाही. तेव्हा फार हुरळून जायचे कारण नाही.

शिवाय १८३२ च्या कायद्याने जमिनीचे मत काढले, मालमत्तेचे ठेवले. नगरात वर्षाला १० पौंड भाड्याच्या किमतीचे घर असेल तर मत. सेंट पीटर मैदानात रक्त सांडलेल्या विणकरांतले बहुतेक बाहेरच राहिले. बायकांना तर त्या कायद्यात 'पुरुष' हा शब्द घालून स्पष्टच वगळले. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळायला १९१८ उजाडले आणि बायकांना बरोबरीने मिळायला १९२८. तरीही विद्यापीठाच्या पदवीधरांना आणि दुसरीकडे धंद्याची जागा असलेल्यांना जादा मत होतेच. ते १९४८ च्या कायद्याने गेले.

मालमत्तेची हीच अट इंग्रजांनी आपल्याकडे आणली. कोणाला मत द्यायचे हे ठरविण्यासाठी साउथबरो कमिटी आली तेव्हा, २७ जानेवारी १९१९ रोजी, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, असे त्यांनी बजावले. कारण ज्याला धंद्याची दारेच बंद आहेत त्याच्याकडे मालमत्ता येणार कुठून? आधी जमीन घेऊ द्यायची नाही आणि मग जमीन नाही म्हणून मत द्यायचे नाही, हा तो डाव होता. सायमन कमिशनपुढे तर त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला.

आमच्या वकील मित्रांसाठी दोन तारखा. जादा मते पूर्ण वगळून ब्रिटनमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती २३ फेब्रुवारी १९५० ला. आपल्या संविधानाचे कलम ३२६, म्हणजे प्रौढ मताधिकार, अमलात आले २६ जानेवारी १९५० ला. मुरलेली लोकशाही आपल्यापेक्षा चार आठवडे मागे होती!

आमच्या आजीला सही येत नव्हती. कर भरायला तिच्याकडे काही नव्हते. १९५२ साली गावच्या शाळेत मतदान होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, वर निशाणीचे चित्र. फेडरेशनची निशाणी हत्ती. आजी सांगायची, बोटाला शाई लावली, हातात कागद दिला आणि आत एकटीला सोडले. बाहेर रांगेत तिच्या मागे पाटलाची सून उभी होती. आजीचे होईपर्यंत तिला थांबावे लागले.