पाण्यातील शिसे आणि ज्योतीतील प्रकाश

शिसे मिसळलेले पाणी गढूळ दिसत नाही. त्याला वास नसतो, चवही बदलत नाही. बालकांच्या मेंदूच्या वाढीस मात्र ते घातक ठरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. हे मोजायचे कसे? मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा इतिहासाच्याच वाटेने सांगतो.

1860 मध्ये हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी दाखवून दिले, की ज्योतीत तापलेला प्रत्येक धातू वर्णपटात स्वतःच्या ठरावीक रेषा उमटवतो. ड्युर्कहाइमच्या खनिजयुक्त पाण्यात त्यांना अनोळखी निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम हे नवे मूलद्रव्य हाती आले. अणू जो प्रकाश देतात तोच शोषूनही घेतात, हेही किर्खहोफ यांनीच स्पष्ट केले होते. तरीही पुढील नव्वद वर्षे धातू मोजणाऱ्यांचे लक्ष मुख्यत्वे अणूंनी दिलेल्या प्रकाशावरच राहिले. 1952 साली मेलबर्नचे ॲलन वॉल्श घरच्या बागेत काम करीत असताना त्यांना उलट वाट सुचली. ज्योतीतील बहुतेक अणू प्रकाश देतच नाहीत, ते स्वस्थ असतात; मग या बहुसंख्य अणूंनाच का मोजू नये? 1955 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

या पद्धतीतील दिव्याचे ऋणाग्रच शिशाचे असते. त्यामुळे त्याच्या प्रकाशात शिशाच्याच रेषा असतात. तो प्रकाश, उदाहरणार्थ 283.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा, नमुना फवारलेल्या ज्योतीतून जातो. शिशाचे अणू जितके अधिक, तितका पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी. ही घट ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून पाहतात. मानकाइतक्या सूक्ष्म प्रमाणासाठी ज्योत तोकडी पडते. तेथे विजेने तापणारी ग्रॅफाइटची नळी वापरतात. तिला नमुन्याचा एक लहानसा थेंब पुरतो.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते यंत्राबाहेरचे. नमुन्यात नायट्रिक आम्ल घातले नाही, तर शिसे बाटलीच्या भिंतींना चिकटते आणि आकडा कमी येतो. भांडे अस्वच्छ असेल तर तो वाढतो. नळीत रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसे अधिक उतरते. नळ बराच वेळ सोडून मग बाटली भरली, तर ते दिसणारच नाही. कागदपत्र कोणी, कोठे, केव्हा लिहिले हे आम्ही इतिहासवाले विचारतो, तेच येथेही विचारावे. अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल, तर ते शून्य नव्हे. यंत्राच्या मर्यादेखाली, इतकाच त्याचा अर्थ. ती मर्यादा किती, हे पालकांनी प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्यावे.