उजाड डोंगरांचे बेट

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मेन राज्याच्या किनाऱ्यालगत, माउंट डेझर्ट नावाचे बेट आहे. त्या नावाचा वाळवंटाशी मात्र काही संबंध नाही. हे बेट डोंगर, सरोवरे व दाट वने यांनी भरलेले आहे. तेथील मूळचे वाबानाकी लोक त्याला पेमेटिक म्हणत. १६०४ साली शांप्लें हा फ्रेंच दर्यावर्दी या किनाऱ्याने चालला असता डोंगरांचे उघडे, खडकाळ माथे त्याच्या दृष्टीस पडले आणि त्याने बेटाला ‘उजाड डोंगरांचे बेट’ असे नाव दिले. हे माथे प्राचीन काळी बर्फाच्या प्रचंड थरांनी घासून काढलेले आहेत. त्यांपैकी सर्वांत उंच असलेला कॅडिलॅक ४६६ मीटर उंच आहे. हा आकडा मोठा नव्हे. पण पायथ्याजवळच महासागर असल्यामुळे डोंगर थेट पाण्यातूनच वर आल्यासारखा भासतो.

बार हार्बर गावासमोर एक लहानसे बेट आहे. ओहोटी लागली की मधला खडीचा बांध उघडा पडतो व प्रवासी पायी पलीकडे जातात. भरतीची वेळ विसरून तेथे रमणाऱ्यास पुढच्या ओहोटीची वाट पाहत बसावे लागते!

या रम्य वनांवर एकदा संकट आले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड कापण्याची फिरती यंत्रे निघाली आणि डोंगरावरची झाडेही सहज तोडता येतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा १९०१ साली जॉर्ज डॉर व चार्ल्स एलियट यांनी एक संस्था स्थापिली. लोकांकडून जमिनी दान मिळवाव्यात, जरूर तेथे विकत घ्याव्यात, असा तिचा क्रम होता. डॉर यांनी या कामी आपली बरीचशी वडिलोपार्जित संपत्ती वेचली. १९१६ साली ही भूमी राष्ट्राला अर्पण झाली व १९१९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे आजचे अकेडिया हे नाव १९२९ सालचे आहे.

कुऱ्हाडीपासून वाचलेल्या या वनांना १९४७ च्या ऑक्टोबरात वणव्याने गाठले. पाऊस न पडल्याने रान वाळून गेले होते. बेटावरील १७,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला. त्यात उद्यानाचा मोठा भाग होता. पूर्वी तेथे सदाहरित स्प्रूस वृक्षांची गर्द सावली असे. ती नाहीशी होताच जमिनीवर ऊन पडू लागले. वाऱ्याने उडत आलेले भूर्जवृक्षांचे हलके बी तेथे रुजले. शरदात जे डोंगर सोनेरी दिसतात, ते याच वृक्षांच्या पानांमुळे. त्यांच्या सावलीत स्प्रूसची रोपे हळूहळू पुन्हा वाढत आहेत.