दप्तर कोणाच्या ताब्यात?

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाताशी जी साधने एकत्र नांदतात, त्यांपैकी प्रत्येकाचा अखत्यार कोठे संपतो हे ठरविणे किती नाजूक असते, याचे मला सर्वांत सुंदर वाटणारे उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टने 2016 साली रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्या सहकार्याने जाहीर केलेला ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ होय. तत्पूर्वी आज्ञावली लिहिण्याच्या 10 एडिटरांना 20 संगणकभाषा शिकवावयाच्या, तर 200 जोडण्या रचाव्या लागत. भाषेचे ज्ञान ‘सर्व्हर’ या वेगळ्या आज्ञावलीकडे व मजकुराचा सांभाळ एडिटरकडे सोपविल्यावर 30 पुरतात.

परंतु या संकेताचे मर्म मला एका लहानशा कलमात दिसते: एडिटरने फाइल उघडल्याची वर्दी दिली, की ती बंद होईपर्यंत तिच्या मजकुराची मालकी एडिटरची, आणि सर्व्हरने डिस्कवरील प्रत प्रमाण मानावयाची नाही, कारण नुकतेच टंकलेले, अद्याप जतन न केलेले अक्षर त्या प्रतीत नसतेच, आणि असल्या शिळ्या दप्तरावरून दाखविलेली चूक कदाचित केव्हाच दुरुस्त झालेली असते. म्हणून प्रत्येक बदल, आवृत्तिक्रमांकासह, एडिटरने कळवीत राहावयाचा. सर्व्हर चूक दाखवील, नाव सुचवील, दुरुस्तीचा मसुदाही धाडील, पण उघड्या मजकुरात तो उतरविण्याचा अधिकार एडिटरचाच.