डोक्याला मार : उभा राहिला म्हणजे बरा झाला असे नव्हे

२८ जानेवारी १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर दुसऱ्यांदा समोरासमोर आले. दोघेही हेवीवेट गटातले माजी विश्वविजेते. व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये अलींचा किताब काढून घेतला गेला होता. फ्रेझियर यांचा किताब १९७३ मध्ये जॉर्ज फोरमन यांनी दुसऱ्याच फेरीत हिसकावला होता.

या लढतीच्या काही दिवस आधी दोघांना टीव्ही स्टुडिओत बोलावून १९७१ च्या त्यांच्या पहिल्या लढतीची फिल्म दाखवली. तिथे वाद पेटला. विषय काय, तर त्या लढतीनंतर दवाखान्यात कोण गेले आणि कोण किती दिवस राहिले! शब्दाने शब्द वाढला आणि दोघे तिथेच एकमेकांना भिडले.

आरोग्याच्या पानावर ही हकिकत आम्ही मुद्दाम सांगत आहोत. एवढ्या ताकदीच्या माणसांनाही दवाखान्यात जाणे कमीपणाचे वाटत होते. मग बॉक्सिंग किंवा कबड्डी खेळताना डोके आपटलेले आपले पोर घरी येऊन ‘काही नाही झालं’ म्हणाले, तर नवल काय?

लढतीच्या दुसऱ्या फेरीत अलींच्या उजव्या ठोशाने फ्रेझियर डगमगले. फेरी संपली असे समजून पंचांनी दोघांना चुकून वेगळे केले. तेवढ्या क्षणात फ्रेझियर सावरले आणि पूर्ण १२ फेऱ्या लढले. गुणांवर अली जिंकले. पण सावरणे आणि बरे होणे यांत फरक आहे.

आपला मेंदू कवटीच्या आत पातळ द्रवात असतो. जोरात ठोसा बसला की डोके झटक्याने फिरते, आतला मेंदू हिसकला जातो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. यासाठी बेशुद्धच पडावे लागते असे नाही. गरगरणे, मळमळणे, डोके दुखणे, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणे ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे आहेत. हेडगार्डमुळे कपाळ किंवा भुवई फुटणे कमी होते, पण मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे मार बसत राहिला, तर पुढे विसराळूपणा, चिडचिड, अडखळती चाल मागे लागू शकते. मुष्टियोद्ध्यांमधला हा आजार अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवला होता.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये दोघांची तिसरी लढत झाली. १४ फेऱ्यांनंतर फ्रेझियर यांचा डोळा सुजून बंद झाला होता. त्यांना पुढे लढायचेच होते, पण त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. अलींचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनीही अलींना थांबण्याचा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी साथ सोडली. अली १९८१ पर्यंत लढत राहिले. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सन असल्याचे निदान झाले. हात थरथरू लागले, बोलणे मंदावले. याला ठोसेच कारणीभूत होते का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण इतका मार मेंदूच्या भल्याचा नव्हता, याबद्दल वाद नाही.

मुलांना खेळू द्याच. मात्र डोक्याला मार लागला की खेळ त्याच क्षणी थांबवा. त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती द्या, जवळ कुणीतरी थांबा. नंतर डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने सराव सुरू करा.

खालीलपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा :

- शुद्ध हरपणे किंवा हलवूनही नीट जाग न येणे
- वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी
- झटके येणे
- हात-पाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे
- दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे
- नाक किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. झटके आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याला कुशीवर वळवा. दारू प्यायलेला माणूस डोक्यावर पडला, तर ‘नशेत झोपलाय’ म्हणून सोडून देऊ नका.

रिंगणातला माणूस स्वतःहून थांबत नाही. फ्रेझियर यांच्यामागे त्यांना थांबवणारा माणूस उभा होता. आपल्या घरातल्या खेळाडूमागे ते काम आई-वडिलांनी, थोरल्या भावंडांनी करायचे आहे. दवाखान्यात जाणे म्हणजे हरणे नव्हे.