तांतडीच्या मालासाठीं गाडी

दिग्रस हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. अकोल्याकडून मंगरूळपीर, मानोरा या मार्गानें येणारा महामार्ग येथून पुढें आर्णी-माहूरकडे जातो. दारव्ह्यावरून यवतमाळास आणि दुसऱ्या अंगानें पुसदला जाणारा रस्ताही येथेंच मिळतो. रस्ते असे चोहोंकडून आले, पण आगगाडीची सोय मात्र या गांवास नाहीं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' नांवानें ओळखली जाणारी अरुंद रुळांची गाडी दारव्ह्यावरून निघून जात असे. तीही आतां बंद पडली आहे. तेव्हां औषधांचें खोकें असो, ऐन हंगामांत मोडलेल्या जिनिंगच्या यंत्राचा भाग असो, कीं पेरणीच्या तोंडावर दुकानांत संपलेलें बियाणें असो, तें वेळेवर येणें अगर न येणें मोटारीच्या चाकांवर अवलंबून असतें. हा धंदा करूं पाहणारा तरुण बहुधा कर्ज काढून गाडी घेतो, आणि कर्जासाठीं घर किंवा शेत तारण पडलेलें असतें. तो दुकानांत शिरतांच विचारतो, "किती टनाची घ्यावी?" वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावयाचा आहे.

अशा गाड्यांचा आपल्याकडील इतिहास फार जुना नाहीं. बजाज टेंपो कंपनीनें १९५८ सालीं जर्मन नमुन्यावरून तीनचाकी मालगाडी काढली आणि १९६९ मध्यें 'मॅटाडोर' आणली. दोन्ही नांवें इतकीं रुळलीं कीं आज कोणत्याही कंपनीच्या गाडीस लोक बिनदिक्कत टेंपो म्हणतात, आणि विदर्भांत मेटॅडोर म्हणणारेही पुष्कळ. पुढें मे २००५ मध्यें टाटांची 'एस' आली. पाऊण टन माल नेणाऱ्या या चिमुकल्या गाडीस बाजारानें 'छोटा हत्ती' हें नांव दिलें, आणि लहान गांवांतील हुंडेकऱ्याचा धंदा तिनें पार बदलून टाकला.

आतां तांतडीचा माल म्हणजे काय, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. सोयाबीन, तूर, कापूस हा माल जड खरा, पण एक दिवस उशिरा पोंचला तर तो नासत नाहीं. त्याचें भाडें वजनावर ठरतें. तांतडीच्या मालाचें भाडें वेळेवर ठरतें. वजन पुष्कळदां नगण्य असतें. बंद पडलेल्या जिनिंगला लागणारें बेअरिंग एका हातांत उचलतां येतें, पण तें येईपर्यंत बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग खोळंबलेली असते. अशा कामास दोन टनांची गाडी घेणें म्हणजे रिकाम्या जागेचा हप्ता फेडणें होय.

वेळ कोठें जातो, याचाही हिशेब करून पाहावा. दिग्रस ते नागपूर हें अंतर यवतमाळवरून सव्वादोनशें किलोमीटरच्या आंत-बाहेर आहे. ताशी सरासरी ४५ किलोमीटरनें गेल्यास सुमारें पांच तास लागतील. सरासरी ५० वर नेली तर साडेचार. म्हणजे इतका आटापिटा करून, अधिक ताकदीचें इंजीन घेऊन, लाभ झाला तो अर्ध्या तासाचा. कायद्यानेंही फार वाव ठेवलेला नाहीं. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें मालवाहू गाडीस चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि साध्या रस्त्यावर ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. उलट, नागपुरांत मोठ्या ट्रकमध्यें चढविलेला माल यवतमाळच्या गोदामांत उतरला, बिल्टी बदलली आणि दिग्रसच्या गाडीची वाट पाहत पडला, कीं एक रात्र सहज जाते. गिऱ्हाईक जादा पैसे मोजतें तें ही रात्र वांचविण्यासाठीं. जेथें माल चढला तेथून निघून थेट दारांत उतरविणारी, अर्धी भरली तरी परवडणारी, अशी गाडी या धंद्यास हवी.

म्हणून इंजिनापूर्वीं दार पाहावें. मालाच्या जागेचा तळ जमिनीपासून किती उंच आहे, मागचीं दारें पुरतीं उघडून बाजूस टेकतात कीं मध्येंच अडतात, कडेला सरकतें दार आहे कीं नाहीं, हें प्रत्यक्ष एक खोकें उचलून तपासावें. दिवसांतून वीस ठिकाणीं माल उतरवावयाचा असेल, तर उंच तळामुळें हमालाची कंबर आणि मालकाचा वेळ दोन्ही जातात. बाजारांतील गल्लींत मागें दुसरी गाडी उभी असतां मागचें दार उघडतच नाहीं. तेथें कडेचें दार कामास येतें. मारुतीच्या 'ईको'च्या मालवाहू नमुन्यास अशीं सरकतीं दारें असतात, आणि सुमारें अर्ध्या टनापर्यंतच्या हलक्या मालास ती पुरते. टाटांच्या 'विंगर'मध्यें इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांस मिळते. मागें जाणारा दांडा नसल्यानें तळ खालीं ठेवतां येतो. पण याची दुसरी बाजूही आहे. मागें वजन भरलेलें असतां ओल्या चढावर पुढच्या चाकांची पकड सुटूं शकते. पावसाळ्यांत शेतरस्त्यावर जावयाचें असेल त्यानें मागच्या चाकांवर चालणारी, पोट उंच असलेली गाडीच पाहावी. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीचा या जिल्ह्यास आलेला अनुभव ताजा आहे.

वजन आणि आकारमान यांची गल्लत सर्रास होते. दवाखान्याचा माल घ्या: सलाइनच्या बाटल्यांनीं गाडी निम्मी भरली तोंच वजनाची मर्यादा येते, आणि कापूसपट्ट्यांनीं ती छताला टेकली तरी कमानी वांकत नाहींत. यासाठीं नेहमींच्या गिऱ्हाइकांचीं खोकीं मापून घ्यावीं. दुकानदारास यांत कसलाही कमीपणा वाटत नाहीं, उलट कौतुकच वाटतें. शिवाय कागदावरील वहनक्षमता सगळी मालाच्या वांट्यास येते असें नाहीं. उघड्या पिकअपवर मागाहून लोखंडी पेटी बसविली तर तिचें वजन त्याच क्षमतेंतून वजा होतें. सुटें चाक, दोरखंड, मदतनीस हेही कोठें तरी मोजावे लागतातच.

उघडी पिकअप कीं बंद गाडी, या वादांत विदर्भाच्या हवेचा शब्द निर्णायक मानला पाहिजे. पावसांत ताडपत्री फडफडते आणि कडेनें पाणी शिरतें, म्हणून बंद गाडी बरी. पण तीच पत्र्याची बंद गाडी मे महिन्यांत, बाहेर पारा चव्वेचाळीसवर असतां, उन्हांत उभी राहिली कीं भट्टी होते. कित्येक औषधांच्या वेष्टनांवर २५ किंवा ३० अंशांखालीं ठेवावें असें छापलेलें असतें, आणि लसींस तर २ ते ८ अंशच लागतात. तापलेली गोळी दिसावयास तशीच दिसते. ती घेणाऱ्या रोग्याचा ताप कां उतरला नाहीं, याचा माग गाडीपर्यंत कोणी काढीत नाहीं. औषधें नेणाऱ्यानें पांढऱ्या रंगाची, आंतून उष्णतारोधक अस्तर लावलेली गाडी घ्यावी, लसींसाठीं बर्फाच्या पेट्या ठेवाव्या आणि उन्हाळ्यांत फेरी पहाटे संपवावी. या अस्तरावर झालेला खर्च जाहिरातींतल्या अश्वशक्तीपेक्षां अधिक उपयोगी पडतो.

इंधनाचा निर्णय फेरीवर ठरतो. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानकें लागू झाल्यावर डिझेल गाड्यांस काजळी धरणारी गाळणी आली. ती स्वच्छ होण्यास इंजीन कांहीं वेळ सलग तापावें लागतें. दिवसभर गांवांतल्या गांवांत थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडींत ती तुंबण्याचा संभव असतो. नागपूरच्या फेरीस डिझेल योग्य. सीएनजी स्वस्त पडतो, पण त्याचा पंप नेहमींच्या वाटेवर हवा, आणि टांकीची दर तीन वर्षांनीं चांचणी करावी लागते. विजेवर चालणारी 'एस' २०२२ मध्यें आली तेव्हां तिचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. भरल्या गाडीस तो कमी पडणार हें धरूनही दिग्रस-पुसद किंवा दिग्रस-आर्णी अशी जाऊन-येऊन फेरी तिला जमण्यासारखी आहे, नागपूर नाहीं.

कागदपत्रांचें प्रकरण कंटाळवाणें, पण घर बुडतें तें येथेंच. माल भरून एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक होत नसेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मालवाहतुकीचा परवाना लागत नाहीं; लहान गाडीचा हा मोठाच फायदा. मात्र नोंदणी मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीची, असलीच पाहिजे. घरगुती ईकोचीं आसनें काढून भाड्यानें माल नेणारे आढळतात. अपघात झाल्यावर विमा कंपनी भरपाई नाकारते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. नव्या गाडीस आठ वर्षें होईपर्यंत दर दोन वर्षांनीं व नंतर दरवर्षीं योग्यता-प्रमाणपत्र घ्यावें लागतें, म्हणून जुनी गाडी घेतांना तिचें वय विचारून किंमत ठरवावी.

हप्त्याचा हिशेब साधा आहे. समजा, महिन्याला १५,००० रुपये हप्ता आणि कामाचे दिवस २५. म्हणजे डिझेल घालण्यापूर्वींच गाडी दररोज ६०० रुपये मागते. परतीचें भाडें मिळालें नाहीं तर जातांनाच्या मालानें दोन्ही वाटांचें इंधन सोसावयाचें. परत येतांना नागपुराहून काय मिळेल, हें गाडी घेण्यापूर्वीं चार दुकानांत विचारून यावें. त्या उत्तरावरून गाडीचा आकार आपोआप ठरतो.

एक गोष्ट विक्रेता बहुधा दाखवीत नाहीं: चालकाची जागा. नागपूरची जा-ये म्हणजे दहा तास चाकावर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें चालकाच्या कामास दिवसाकाठीं आठ तासांची मर्यादा घातली होती. मालक स्वतःच चालक असला कीं त्यास थांबविणारा कोणी उरत नाहीं. पाठीस आधार देणारें आसन, आणि अचानक थांबल्यास खोकीं मानेवर येऊं नयेत म्हणून मध्यें मजबूत जाळी, एवढें तरी असल्यावांचून गाडी ताब्यांत घेऊं नये. रात्रींच्या फेरीस दुसरा चालक परवडत नसेल, तर ती फेरी भाड्यांत बसत नाहीं असेंच समजावें.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाला. दारव्हा, दिग्रस, पुसद हीं गांवें याच मार्गावरचीं. रूळ येथवर पोंचले कीं लांबच्या मालाचा कांहीं भाग गाडीनें येऊं लागेल, आणि स्थानकापासून दुकानापर्यंतच्या फेऱ्या वाढतील. आज पांच-सात वर्षांच्या हप्त्यानें गाडी घेणाऱ्यानें ती त्या फेऱ्यांसही चालेल इतकी आटोपशीर आहे कीं नाहीं, हें बाजारपेठेच्या अरुंद गल्लींत एकदां वळवून पाहावें.